तारामतीची भूमिका आणि दुर्गा खोटे



स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या खुलताबादसारख्या गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, आमच्या मुलीला नाटकात नका घेऊ, लोक काय म्हणतील?" अशा वेळी मला दुर्गाबाई खोटे आठवतात.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. त्यात राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष! कारण चित्रपटात काम करायला बायका तयार होत नव्हत्या.

पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने हीच कथा 'अयोध्येचा राजा' या बोलपटात मांडली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती, म्हणून गाणीही स्वतःच म्हणावी लागत.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा. मुंबईतलं सुखवस्तू घर, सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण. लग्नानंतर सासरी आर्थिक अडचण आली, पदरात दोन मुलं होती. अशा वेळी त्यांनी चित्रपटात काम स्वीकारलं. 'फरेबी जाल' (१९३१) या पहिल्या चित्रपटानंतर खूप टीका झाली. पण त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षीच्या तारामतीने त्यांना नाव मिळवून दिलं.

मग 'अमर ज्योती' (१९३६) मध्ये त्या समुद्रावरच्या लुटारूंची म्होरकी झाल्या. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधली जोधाबाई तर आजही लोकांच्या लक्षात आहे. त्यांनी स्वतःची निर्मिती संस्थाही चालवली. दूरदर्शनवर १९८८ साली गाजलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्याच संस्थेची. १९६८ मध्ये पद्मश्री आणि पुढे १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार एका तारामतीला! १९९१ साली त्यांचं निधन झालं. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र शाळेच्या ग्रंथालयात जरूर ठेवा.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. फळ्यावर १९१३ आणि १९३२ ही दोन सालं लिहा आणि विचारा, "या १९ वर्षांत काय बदललं?" मुलं बरोब्बर बोलू लागतात. घरी आजीलाही विचारून यायला सांगा, "तुला शाळेच्या नाटकात काम करू दिलं असतं का?"

आणि पालकहो, लोक दुर्गाबाईंनाही बोललेच होते. यंदा तुमच्या मुलीने नाटकात नाव दिलं, तर ते खोडू नका.