तोतया चिप

वॉशिंग मशीन, विजेचे डिजिटल मीटर, रिक्षाचे भाडे दाखवणारा डबा यांच्या आत एक छोटी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. प्रोसेसर, स्मृती, टायमर असा सगळा संसार तिने एकाच घरात मांडलेला असतो. पण तिला ना पडदा, ना कळफलक. प्रोग्राममध्ये चूक असली तर ती काही बोलत नाही. मीटर चुकीचा आकडा दाखवते, एवढेच. मग आत काय घडले ते पाहायचे कसे? आणि आपण पाहतो आहोत म्हणून आतले वागणेच बदलले तर?

इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१ ही चिप उदाहरणाला घेऊ. आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या कितीतरी तुकड्या तिच्यावरच शिकल्या. चाळीस पिना, प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट, माहितीसाठी फक्त १२८ बाइट. १२ मेगाहर्ट्झवर तिचे एक चक्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात पुरे होते. त्याआधीच्या संगणकांत प्रोसेसर आणि स्मृती वेगवेगळ्या चिपांवर असत. मधल्या तारांवर उपकरण लावले की कोणती सूचना चालू आहे ते वाचता येई. ८०५१ मध्ये स्मृती आत गेली आणि वाचायच्या तारा दिसेनाशा झाल्या.

मग लोक काय करीत? ८७५१ नावाची तिचीच काचेची खिडकी असलेली आवृत्ती घेत. प्रोग्राम भरायचा, चालवून पाहायचा, चुकला की चिप काढून अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे पुसत ठेवायची. प्रत्येक अंदाजाची किंमत अर्धा तास. दुसरा मार्ग, प्रोग्रामलाच मधूनमधून बोलायला लावण्याचा. ९६०० च्या वेगाने एक अक्षर बाहेर पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे ८०५१ ची हजारभर चक्रे. अक्षर जाईपर्यंत प्रोग्राम थांबला, तर ज्या क्षणी चूक घडायची तो क्षणच सरकतो. पाहायला गेले की लपणाऱ्या अशा चुकांना संगणकवाले हायझेनबर्गच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हणतात.

अशी एक चूक जवळून पाहू. चाकाचे फेरे मोजायचे आहेत. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून मोजणी दोन बाइटांत ठेवली आहे. चाक फिरले की इंटरप्ट येतो: चिप हातातले काम सोडते, मोजणीत एक मिळवते आणि परत येते. मुख्य प्रोग्राम आकडा वाचताना आधी खालचा बाइट घेतो, मग वरचा. आता मोजणी २५५ वर आहे, म्हणजे वर ०, खाली २५५. प्रोग्रामने खालचा २५५ उचलला आणि नेमके तेव्हाच चाक फिरले. मोजणी २५६ झाली: वर १, खाली ०. परतलेल्या प्रोग्रामने वरचा १ उचलला. दोन्ही जोडले की होतात ५११! डिजिटल घड्याळात ९:५९ असताना आधी मिनिटे वाचावीत, तेवढ्यात दहा वाजावेत आणि मग तास वाचावेत. आपण १०:५९ सांगू, तसेच हे. फट एक-दोन चक्रांची. त्यामुळे दिवसभर सगळे सुरळीत, आणि कधीतरी एकदाच मीटर वेड्यासारखे उडी मारते. प्रोग्राम एकेक सूचना करत हाताने पुढे सरकवला, तर हे बहुधा दिसतच नाही, कारण चाक आपल्यासाठी तालात फिरत नाही.

इथे कामाला येतो तो इन-सर्किट इम्युलेटर. इंटेलने १९७५ साली आपल्या ८०८० या प्रोसेसरसाठी असे यंत्र काढले. मायक्रोकंट्रोलरसाठीचे इम्युलेटर पुढे त्याच वाटेने आले. सर्किटमधली चिप काढायची आणि तिच्या खोबणीत चाळीस पिनांचा प्लग बसवायचा. प्लगची पट्टीसारखी केबल एका पेटीत जाते. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता. पेटी हे तसेच सोंग आहे, फक्त ते आपणच उभे केलेले. बाकीच्या सर्किटला आपला जुना धनीच बसला आहे असे वाटले पाहिजे. म्हणून पेटीत सहसा त्याच जातीची खास बनवलेली चिप असते. एरवी आत दडलेल्या तारा तिच्यात जास्तीच्या पिनांवर बाहेर काढलेल्या असतात. प्रत्येक चक्रात कोणत्या पत्त्यावरची सूचना चालली, हे पेटी पूर्ण वेगाने नोंदत राहते.

ही नोंद, म्हणजे ट्रेस, हेच माझ्या मते इम्युलेटरचे खरे मोल. ठरलेल्या जागी प्रोग्राम थांबवणे, म्हणजे ब्रेकपॉइंट, हे त्या मानाने सोपे काम. आपल्या चाकासाठी प्रोग्राममध्ये एक छोटी तपासणी घालायची: आकडा एकदम २०० ने वाढला तर अमुक सूचनेकडे जा. ब्रेकपॉइंट तिथे लावायचा आणि चहाला जायचे. केव्हातरी प्रोग्राम थांबेल. मग ट्रेस मागे उलगडत जायचा: खालचा बाइट वाचला, इंटरप्टचे काम सुरू झाले, संपले, वरचा बाइट वाचला. चोर मुद्देमालासकट हाती. उपायही छोटा: वाचेपर्यंत इंटरप्ट रोखा, किंवा वरचा बाइट आधी आणि नंतर असा दोनदा वाचून पाहा.

तोतयाचेही दोष असतात. चिपच्या स्फटिकाचे काम पुष्कळदा पेटीच करते. त्यामुळे मूळ सर्किटातला स्फटिक सुरूच होत नसेल तर इम्युलेटरवर सगळे ठीक आणि खरी चिप बसवली की मुकी. शिवाय प्रोग्राम थांबला तरी बाहेरचे जग थांबत नाही. मोटर चालू अवस्थेत थांबलात तर मोटर चालूच राहते. ट्रान्झिस्टर जळाल्याचा वास हीच पुढची नोंद.

पुढे चिपांचा वेग वाढला, पिना बारीक झाल्या आणि केबलचे सोंग परवडेना. चिपची जोडणी चार तारांवरून तपासण्याची जेटॅग पद्धत १९९० साली प्रमाणित झाली. तीच वाट पुढे डीबगिंगलाही लाभली. एआरएमने ‘एआरएम७टीडीएमआय’ या गाभ्यातच इम्युलेटरचा तुकडा बसवला. नावातला शेवटचा ‘आय’ त्याचाच. आता तोतया नको, हेर घरातच. कॉर्टेक्स-एम३ मध्ये असे सहा ब्रेकपॉइंट मिळतात, तेही दोन तारांवरून आणि स्वस्तात. पूर्ण ट्रेस मात्र पुष्कळ स्वस्त चिपांत वगळलेला असतो, आणि हा तोटा लहान नाही.

ट्रेसचे महत्त्व मंगळावर दिसले. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले पाथफाइंडर काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. त्यातला संगणक मायक्रोकंट्रोलरपेक्षा मोठा होता, पण अडचण त्याच कुळातली: वेळेवर अवलंबून असलेली चूक, आणि यान तर थांबवून पाहण्यासारखे नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रोग्राम ट्रेस चालू ठेवून पळवला आणि बिघाड पुन्हा घडेपर्यंत वाट पाहिली. हवामान नोंदणारे कमी महत्त्वाचे काम एक कुलूप धरून बसे. मधल्या महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि त्याच कुलपासाठी अधिक तातडीचे काम ताटकळत राही. ते वेळेत झाले नाही हे लक्षात येताच यान स्वतःला पुन्हा सुरू करी. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची एक सोय प्रणालीत आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून पाठवला गेला.