भयपटातील ठरीव चेहरे

काशीच्या बालाजी घाटावरील मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणापासून वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. देव हिंदूंचा आणि वादक मुसलमान, यात त्यांना स्वतःला कोणतीही विसंगती वाटली नाही. माणूस परिचयाचा झाला म्हणजे त्याची भीती उरत नाही. भयपटाला मात्र अपरिचित माणूसच हवा असतो. कारण ज्याच्याविषयी आपल्या मनात आधीच संशय आहे, त्याला भयंकर ठरविण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

ही युक्ती चित्रपटाने शोधून काढली असे नव्हे. आपल्या लोकसमजुतींतील भुतावळच पाहावी. बाळंतपणात दगावलेली स्त्री अलवंतीण होते, मुंजीनंतर अविवाहितच गेलेला बटू मुंजा होतो आणि परधर्मीयाचा खवीस होतो. म्हणजे मरणानंतरही लिंग, जात आणि धर्म यांतून सुटका नाही! जिवंतपणी ज्यांना सुख लाभले नाही अथवा ज्यांना दूर ठेवले, त्यांचीच पुढे भीती वाटावी, हे अर्थपूर्ण आहे.

पडद्याने हा वारसा उचलला. 'महल' (१९४९) व 'वह कौन थी?' (१९६४) या चित्रपटांत गूढाचा उलगडा अखेर मानवी कारस्थानातच होतो. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात राहते ती रात्री एकटी फिरणारी स्त्री. पुढे पांढरी साडी हा भुताचा जणू गणवेशच झाला. पांढरे वस्त्र हे उत्तरेत आणि बंगालात विधवेचे. महाराष्ट्रातील ब्राह्मण विधवेच्या वाट्याला तांबडे आलवण येई. तरीही आपल्या कल्पनेतील हडळ आता पांढऱ्या साडीतच अवतरते. पुरुषाचा आधार नसलेली स्त्री म्हणजे अशुभ, हा जुना समज त्या साडीबरोबर आपण नकळत स्वीकारतो.

'सडक' (१९९१) मधील कुंटणखाना चालविणारी 'महाराणी' हे तृतीयपंथी पात्र सदाशिव अमरापूरकरांनी असामान्य ताकदीने उभे केले. त्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. पण ज्या प्रेक्षकाने एकाही तृतीयपंथीयाशी कधी दोन शब्द बोललेले नाहीत, त्याच्या मनात क्रौर्य आणि तृतीयपंथ यांची सांगड बसते. तिची किंमत भाड्याची खोली शोधणाऱ्या निरपराध व्यक्तीला मोजावी लागते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली. तथापि मनात ठसलेले चित्र निकालपत्राने पुसले जात नाही.

मग भयपट करूच नयेत काय? तसे मुळीच नाही. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या मराठी चित्रपटात उसाच्या शेतांनी वेढलेल्या घरात एक गरोदर स्त्री अडकते. तेथेही भुते आहेत. परंतु खरे भय आहे ते मुलगी नको म्हणणाऱ्या रूढीचे. अन्याय सोसणाऱ्याऐवजी अन्यायालाच येथे भयंकर ठरविले आहे, आणि म्हणून भीती कमी न होता अधिक खोल जाते.

तेव्हा पडद्यावरच्या आकृतीला घाबरताना एवढेच विचारावे : हिने काही केले म्हणून मी भ्यालो, की ही कोण आहे एवढ्यावरूनच?