परदेशांतील शिक्षिका : पंडिता रमाबाई

परदेश म्हटला म्हणजे आपल्या मुलांच्या मनांत पहिला विचार येतो तो तेथून काय मिळवितां येईल हा. पदवी, नोकरी, पैसा, निदान बर्फांत उभें राहून काढून घेतलेलें एखादें छायाचित्र! पालकांचाहि प्रश्न बहुधा हाच असतो, आणि तो गैर आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु परदेशीं जाणारा मनुष्य तेथें कांहीं देतो काय, आणि देऊं लागला असतां त्याची काय गत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शिक्षकाच्या बाबतींत तर हाच मुख्य प्रश्न होय. शिक्षक परदेशीं गेला कीं तो एका हातानें घेतो व दुसऱ्या हातानें देतो, आणि या देवघेवींत त्याचा स्वाभिमान कसास लागतो. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं पुण्याहून निघालेल्या एका शिक्षिकेचें उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाईंचें नांव विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, पण तें केडगांवच्या मुक्तिसदनामुळें. त्यापूर्वीं जवळ जवळ सहा वर्षें त्या परदेशांत शिकत व शिकवीत होत्या, हा भाग मात्र मागें पडतो.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि लक्ष्मीबाईंनीं भल्या पहांटे उठवून तेंच आपल्या मुलीस शिकविलें. पुढील हकीकत येथें थोडक्यांत सांगतों. इ. स. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. भावाबरोबर पायीं देश पालथा घातल्यावर १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला व १८८२ सालीं वैधव्य आलें. पदरीं एक लहान मुलगी, मनोरमा. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला व 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा विलायतेच्या भाड्यास उपयोगी पडला. दुसऱ्याच्या दानावर नव्हे, तर आपल्या लेखणीवर त्या जहाजांत चढल्या, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी.

एप्रिल १८८३ मध्यें निघून त्या मे महिन्यांत इंग्लंडांतील वाँटेज या लहानशा गांवीं पोहोंचल्या. तेथें सेंट मेरी या धर्मभगिनींचा मठ होता व त्याची एक शाखा पुण्यास होती. मठांत राहण्याचा करार साधा होता: हिंदुस्थानांत कामास येणाऱ्या भगिनींस रमाबाईंनीं मराठी शिकवावी, आणि त्याच्या मोबदल्यांत भगिनींनीं त्यांस इंग्रजी शिकवून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करावी. वैद्यकी शिकावी असा त्यांचा मूळ हेतु होता. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो सोडावा लागला. ज्या मनुष्याचा ठरविलेला मार्ग परक्या मुलुखांत असा एकाएकीं बंद होतो, त्याच्या मनाची स्थिति काय होत असेल? त्यांत भर म्हणून, त्यांच्याबरोबर गेलेली सोबतीण आनंदीबाई भगत ही पहिल्या कांहीं महिन्यांतच शोचनीय रीतीनें मरण पावली. याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी इकडे पोहोंचतांच पुण्यांत जी खळबळ उडाली ती सर्वश्रुत आहे.

परक्यास आपली मातृभाषा शिकविणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आपण मराठी बोलतों ती श्वास घ्यावा तशी. पण शिकणारा विचारतो, 'खुर्ची' ती कां आणि 'टेबल' तें कां? 'ल' आणि 'ळ' यांत जीभ नक्की कोठें वळते? 'मी केलें' आणि 'मीं काम केलें' म्हणतांना क्रियापद कोणाच्या मागें चालतें? असे प्रश्न आले म्हणजे शिक्षकास आपल्याच भाषेकडे प्रथमच बाहेरून पाहावें लागतें. रमाबाई तर पाणिनीच्या परंपरेंत वाढलेल्या. तरी ज्यांस संस्कृताचा गंधहि नाहीं अशा प्रौढ स्त्रियांस पहिलीं वाक्यें शिकविणें हा निराळाच अभ्यास होय. आणि याच वेळीं त्या स्वतः इंग्रजीच्या वर्गांत विद्यार्थिनी होत्या! सकाळीं गुरु व दुपारीं शिष्य अशी ही दुहेरी भूमिका ज्यानें एकदां पतकरली, तो वर्गांतील मंद मुलावर पुन्हां सहसा रागावत नाहीं, असें माझें मत आहे.

मठांत सर्व कांहीं सुरळीत होतें असें मात्र नाहीं. रमाबाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं, तेव्हां आपल्या संस्कृतापेक्षां लॅटिनांत अधिक पवित्र असें काय आहे, आणि जी भाषा मला समजत नाहीं तिचीं अक्षरें मीं कां धारण करावीं, असें त्यांनीं विचारलें. मनोरमेस कोणी व कसें वाढवावें यावरहि वाद झाले. ज्या सिस्टर जेराल्डीनबरोबर हे वाद होत, तिनेंच रमाबाईंचीं पत्रें जपून ठेविलीं व संगृहीत केलीं. तो संग्रह १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. ज्यांच्याशीं आपण भांडतों त्यांचींच पत्रें जपणें हें थोडें थोडकें मन नव्हे.

इ. स. १८८४ मध्यें रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत गेल्या. तेथील प्रमुख मिस डोरोथिया बील ह्या इंग्लंडांतील स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी. रमाबाईंचा जन्म झाला त्याच १८५८ सालापासून त्या त्या पदावर होत्या. येथेंहि तीच दुहेरी व्यवस्था: गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकावयाचें, आणि संस्कृत शिकवावयाचें. हिंदुस्थानांत जाण्याच्या तयारींत असलेल्या तरुण पुरुषांसहि रमाबाईंनीं शिकवावें अशी कल्पना निघाली आणि वाद उपस्थित झाला. हिंदुस्थानांतील बिशपांचें मत पडलें कीं, पुरुषांस शिकविल्यास स्वदेशीं परतल्यावर त्यांचें वजन कमी होईल. मठांतील भगिनींस हें मत मान्य होतें. मिस बील यांस तें पटत नव्हतें.

या प्रसंगीं रमाबाईंनीं जें लिहिलें त्याचा आशय प्रत्येक शिक्षकानें ऐकावा असा आहे. माझ्या आईनें किंवा मीं तरुण पुरुषांस शिकवावें यास माझ्या वडिलांनीं किंवा पतीनें कधीं हरकत घेतली नाहीं, आणि आतां कांहीं इंग्रज मंडळी ती घेतात, याचें मला आश्चर्य वाटतें, असें त्यांनीं कळविलें. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढल्यावर तसलेंच दुसरें घेण्यास मी तयार नाहीं, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. हें कोणी लिहिलें? ज्यांच्या घरीं आपण राहतों, ज्यांचें अन्न खातों, त्यांच्याच आश्रयास असलेल्या एका परदेशी विधवेनें. उपकाराखालीं असतांना नम्र राहणें सर्वांस जमतें. त्याच स्थितींत आपलें मत न सोडणें व तरीहि कृतघ्न न होणें ही गोष्ट कठीण. वाँटेजशीं असलेला त्यांचा स्नेह या वादानें तुटला नाहीं.

फेब्रुवारी १८८६ मध्यें त्या इंग्लंड सोडून अमेरिकेस निघाल्या. निमित्त होतें त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या व तो सोहळा रमाबाईंनीं डोळ्यांनीं पाहिला. कांहीं महिन्यांसाठीं म्हणून गेलेल्या बाई अडीच वर्षांहून अधिक काळ तेथें राहिल्या. इंग्लंडांतील दिवस मनाच्या कसोटीचे होते. हातीं लागलेल्या कामाच्या दृष्टीनें पाहिलें तर अमेरिकेचे दिवस मला अधिक फलदायी वाटतात, आणि त्याचें पहिलें कारण एक बालशाळा हें आहे.

फिलाडेल्फियांत रमाबाईंनीं 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान पद्धतीच्या शिक्षणवर्गांत प्रवेश घेतला. आजच्या बालवर्गांची ही आजी असल्यामुळें तिची थोडी माहिती येथें देणें अवश्य आहे. जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांची शाळा काढली व १८४० सालीं तिला हें नांव दिलें. फ्रोबेल तान्हा असतांनाच त्याची आई वारली होती. मूल हें रोप, शाळा ही बाग, व शिक्षक हा माळी, असा त्या नांवाचा अर्थ. माळी रोपास ओढून वाढवीत नाहीं. पाणी, ऊन व जागा एवढें तो देतो. फ्रोबेलनें मुलांच्या हातीं प्रथम पुस्तक न देतां खेळणीं दिलीं, आणि त्यांस 'देणग्या' असें म्हटलें. पहिली देणगी म्हणजे लोंकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरींत लांकडी गोल, घन व दंडगोल. गोल घरंगळतो, घन जागच्या जागीं बसतो, दंडगोल आडवा केला तर घरंगळतो व उभा केला तर बसतो; हें मुलानें हातानेंच शोधून काढावयाचें. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. मूल तो मोडतें, त्याची खुर्ची करतें, पायऱ्या करतें, आणि शेवटीं पुन्हां जुळवून पेटींत ठेवतें. अर्धा, चौथा, आठवा हिस्सा म्हणजे काय तें त्यास पाटीवर अंक येण्यापूर्वींच कळलेलें असतें! याशिवाय कागद दुमडणें, विणणें, माती मळणें, आणि अंगविक्षेपांसहित गाणीं. इतक्या निरुपद्रवी शाळांवर प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं बंदी घातली व ती १८६० पर्यंत टिकली. सरकारें कशाकशास भितात पहा. अमेरिकेंत मात्र ही पद्धत झपाट्यानें पसरली. १८६० सालीं एलिझाबेथ पीबॉडी यांनीं बोस्टन येथें इंग्रजी भाषेंतील पहिलें बालोद्यान काढलें व १८७३ सालीं सेंट लुइस येथें सूझन ब्लो यांनीं तें सरकारी शाळेंत आणलें.

अठ्ठावीस वर्षांच्या एका संस्कृत पंडितेनें लोंकरीचे चेंडू घेऊन लहान मुलांमध्यें कां बसावें? तिला शिकवावयाच्या होत्या त्या बालविधवा, ज्यांस घोकंपट्टीहि कोणी शिकविली नव्हती व ज्यांच्या हातांस स्वयंपाक आणि धुणीं यांपलीकडे काम ठाऊक नव्हतें. हात आणि डोळे यांच्या द्वारें बुद्धि जागी करणारी पद्धत त्यांस उपयोगी पडणार होती. दुसरें असें कीं, हीच विद्या शिकून त्या पुढें स्वतः बालशिक्षिका होऊं शकत होत्या. म्हणजे पोटास आधार आणि समाजांत मान. मुलींच्या शाळांसाठीं मराठी वाचनपुस्तकें तयार करण्याचें कामहि त्यांनीं तेथेंच हातीं घेतलें.

१८८७ सालीं त्यांचें 'द हाय-कास्ट हिंदु वुमन' हें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियांत निघालें. चार वर्षांपूर्वीं जी भाषा त्यांस धड येत नव्हती तींतच तें लिहिलेलें आहे, हें परीक्षेंतील इंग्रजीच्या पेपरास भिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं पाहावें. हिंदु स्त्रीस स्वावलंबन, शिक्षण व एतद्देशीय शिक्षिका या तिहींची गरज आहे असें त्यांत त्यांनीं मांडलें. डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालें. सभासदांनीं दरसाल एक डॉलर याप्रमाणें दहा वर्षें वर्गणी देण्याचें ठरविलें. विधवागृहांत कोणावरहि धर्माची सक्ति होऊं नये हें धोरण ठरलें. मोठ्या धनिकाच्या एका देणगीपेक्षां हजारों घरांतून येणारा एक एक डॉलर अधिक भरंवशाचा, कारण त्याबरोबर हजारों माणसांचें लक्षहि येतें.

तथापि बाई अमेरिकेस भुलल्या नाहींत. परतल्यावर १८८९ सालीं त्यांनीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें मराठी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत तेथील शाळा, राज्यव्यवस्था, स्त्रियांच्या संस्था यांची स्तुति आहे. तशीच काळ्या लोकांस व मूळच्या रहिवाशांस मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाहि आहे. मीरा कोसंबी यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २००३ सालीं निघालें, म्हणजे ज्या देशाविषयीं तें लिहिलें त्या देशास तें वाचावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

१८८८ च्या अखेरीस सान फ्रान्सिस्को बंदर सोडून जपानच्या मार्गानें त्या फेब्रुवारी १८८९ मध्यें मुंबईस आल्या. ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, चौपाटीजवळ एका घरांत 'शारदासदन' उघडलें. अध्यक्षस्थानीं काशीबाई कानिटकर होत्या. आनंदीबाई त्या वेळीं हयात नव्हत्या. १८८७ च्या फेब्रुवारींतच त्या पुण्यास वारल्या होत्या. सदनांत प्रथम आलेल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन १८९० सालीं पुण्यास गेलें, पुढें केडगांवीं मुक्तिसदन वसलें, आणि फिलाडेल्फियांत शिकलेला तो बालोद्यानाचा वर्ग तेथेंहि चालू राहिला.