हवाईयन भाषेतील काळ आणि वेळ

स्मृतिव्याख्यानमालेच्या या पुस्तिकेसाठी भाषेविषयी काही लिहावे, अशी शाळेची आज्ञा झाली. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. निवृत्तीनंतर मुलाकडे होनोलुलूस काही महिने राहण्याचा योग आला आणि तेथील एका संध्यावर्गात हवाईयन भाषेचे प्राथमिक पाठ गिरवले, एवढेच माझे भांडवल. त्यांपैकी वेळ सांगण्याच्या पाठाने मला जे शिकवले, ते येथे मांडतो.

'होला एहिआ केइआ?' म्हणजे 'किती वाजले?' हा आमचा पहिला प्रश्न. 'होला' हे इंग्रजी 'अवर'चेच रूप. प्रमाण हवाईयनमध्ये र, ट, स हे ध्वनी नसल्यामुळे मिनिटाचे 'मिनुके' आणि सेकंदाचे 'केकोना' झाले. घड्याळ परदेशी जहाजांतून आले आणि आपले शब्द घेऊन आले. बेटांनी ते आपल्या उच्चारात बसवून घेतले. चार वाजण्यास पाच मिनिटे असली, की म्हणायचे, 'एलिमा मिनुके इ कोए, कानी का होला एहा'. म्हणजे पाच मिनिटे उरली, की चारचा तास वाजेल. 'कानी' म्हणजे नाद होणे, वाजणे. वाद्यही 'कानी'च करते. आपल्याकडेही चार 'वाजतात' आणि पेटीही 'वाजते'. इंग्रजीतून न सापडणारी ही ओळख मला मराठीमुळे चटकन पटली.

परंतु घड्याळाच्या या थराखाली एक जुना थर आहे. 'ला' म्हणजे सूर्य आणि दिवसही. 'माहिना' म्हणजे चंद्र आणि महिनाही. आपला 'महिना' फारसी 'माह'शी नाते सांगतो व 'माह'चा अर्थही चंद्र आणि मास असाच आहे. तथापि हवाईयन शब्दाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग होय. जुन्या गणनेत दिवसाचा आरंभ सूर्यास्ताने होई व मोजणी रात्रींची असे. चांद्रमासातील तीस रात्रींना स्वतंत्र नावे होती: पहिली 'हिलो', शेवटची 'मुकू'. दहा-दहा रात्रींचे तीन गट केलेले असत: वाढत्या, पूर्ण आणि उतरत्या चंद्राचे. कोणत्या रात्री मासे धरावेत, कोणत्या दिवशी लागवड करावी, हे त्यावरून ठरे. तिथी पाहणाऱ्या माणसास हे परके वाटणार नाही. पुढे सात दिवसांचा आठवडा आला, तरी सोमवारचे नाव पडले 'पोआकाही', म्हणजे पहिली रात्र. कृत्तिका नक्षत्रास तेथे 'माकालिई' म्हणतात. सूर्यास्तसमयी ते पूर्वेस उगवू लागले, की 'माकाहिकी' या दीर्घ उत्सवकाळाची चाहूल लागे. 'माकाहिकी' म्हणजे वर्षही.

सर्वांत अवघड गेली ती काळाची दिशा. 'का वा मा मुआ', म्हणजे समोरचा काळ, हा भूतकाळ. 'का वा मा होपे', म्हणजे मागचा काळ, हा भविष्यकाळ. घडून गेलेले डोळ्यांसमोर असते, येणारे पाठीमागे असते व दिसत नाही, असा याचा अर्थ लावतात. आपण 'मागे एकदा' म्हणून भूतकाळाकडे बोट दाखवतो. पण 'पूर्वी' म्हणतो, तेव्हा त्यातील संस्कृत 'पूर्व' शब्दाचा एक अर्थ 'समोरचा' हाच आहे, हे मी विसरलो होतो.

'केव्हा' यासाठीही तेथे दोन शब्द आहेत. होऊन गेलेल्या गोष्टीविषयी 'इनाहेआ', व्हायच्या गोष्टीविषयी 'आहेआ'. मराठीत 'केव्हा' एकच; भेद क्रियापद दाखवते. त्या सवयीने मी एकदा आमच्या शिक्षकांना, 'आपण ही भाषा केव्हा शिकलात?' असे विचारताना 'आहेआ' वापरले. अर्थ झाला, 'आपण ही भाषा केव्हा शिकणार?' वर्ग हसला. शिक्षक मात्र म्हणाले, "प्रश्न योग्यच आहे. माझी आजी ही भाषा बोलत असे, आईला ती आली नाही. मी मोठेपणी शिकलो, आणि अजून शिकतोच आहे."

त्या उत्तरामागे इतिहास आहे. या भाषेतील पहिले वृत्तपत्र, 'का लामा हवाई', १८३४ साली माउई बेटावरील लाहाइनालुना या शाळेतूनच निघाले. १८९३ साली तेथील राजसत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. त्यानंतरच्या पिढ्यांत घराघरांतून ही भाषा मावळली. १९७८ साली तिला राज्यघटनेत अधिकृत स्थान मिळाले. पण मुले बोलू लागली ती १९८४ पासून, 'पूनाना लेओ', म्हणजे 'भाषेचे घरटे', या नावाच्या बालशाळांतून. सरकारी शाळांतील निर्बंध १९८६ मध्ये उठला आणि पुढच्याच वर्षी तेथे हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. अधिकृत दर्जाने भाषेला मान मिळतो. परंतु 'किती वाजले?', 'केव्हा येणार?' हे दिवसातून दहा वेळा विचारले जाणारे प्रश्न तिच्यातून विचारले गेले, तरच ती घरात राहते, हे त्या बालशाळांनी ओळखले होते.

आपली शाळा महाराष्ट्राबाहेर, इंदुरात, मराठी शिकवीत आली. परत आल्यावर मी नातीला वेळ विचारली. तिने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "थ्री फॉर्टीफाइव्ह." 'पावणेचार' हा शब्द तिला समजत होता, पण तोंडात येत नव्हता. दोष तिचा नव्हे; घरात तो शब्द आम्हीच उच्चारेनासे झालो होतो. त्या दिवसापासून आमच्या घरी सव्वा, साडे आणि पावणे यांची पुन्हा वहिवाट सुरू केली आहे. माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या घरी एवढे करून पाहावे, अशी नम्र विनंती करून हा लेख संपवतो.