खाणीतला अपघात आणि 'त्याचीच चूक'

दगडखाणीत माणूस दगावला की दुसऱ्या दिवशी त्याविषयी जे बोलले जाते ते इतके ठरीव असते, की गाव, खाण आणि मयताचे नाव बदलले तरी वाक्य बदलत नाही : तो गाफील राहिला. मुकादम हे सांगतो, ठेकेदार दुजोरा देतो, पंचनाम्यात त्याला जागा मिळते, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा मयताचे आप्तही कपाळाला हात लावून ते मान्य करतात. कोणी त्याला दैवाची जोड देतो, कोणी आदल्या रात्रीच्या दारूची. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून ज्यांनी या प्रांतातील धरणे, रस्ते आणि इमारती उभ्या करण्यास हातभार लावला, त्या वडार समाजातील कसबी माणसांविषयीही हेच ऐकावे लागते. या वाक्याचा मला मनस्वी उबग आला आहे. कारण ते खोटे तर आहेच, शिवाय एखाद्या विधवेच्या पदरी पडावयाची रक्कम याच वाक्याच्या आधारे बुडवली जाते.

दरड का कोसळते, हे आधी पाहू. महाराष्ट्राचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाला. तो निवताना आकसला म्हणून त्याच्यात उभ्या भेगा पडल्या, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा राहिला. बाहेरून अभेद्य वाटणारी खाणीची भिंत अशी मुळातच सांधेजोड असते. पावसाळ्यात वरच्या कडेवरील फटीतून पाणी आत उतरते, तांबडा पट्टा भिजून निसरडा होतो, आणि खाली पायथ्याचा दगड काढून घेतला असला, की वरचा भाग छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. त्याच्याच तळाशी उभा राहून एक मनुष्य ड्रिल चालवीत असतो. कोसळण्यापूर्वी बहुधा बारीक खडे झरू लागतात, आणि जुन्या जाणत्याला ती खूण कळतेही. परंतु कॉम्प्रेसरच्या घरघरीत ते खडे कोणास ऐकू यावेत, आणि उडणाऱ्या भुकटीत ते कोणास दिसावेत? कसब कितीही असो, टनावारी दगडाखालून वेळेवर बाजूस होण्याचे कसब कोणाच्याही अंगी नसते.

हे टाळण्याचा मार्ग नवा किंवा गूढ नाही. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, 1961 यांतील 106व्या विनियमात तो लिहून ठेवलेला आहे : कठीण खडकातही भिंत सरळ उभी न कापता तिच्या पायऱ्या, ज्यांना खाणीत बेंच म्हणतात, पाडाव्या, आणि एका बेंचची उंची 6 मीटरहून अधिक नसावी, पायथा पोखरून वरचा भाग लोंबता ठेवू नये, वरच्या कडेपासून 3 मीटरच्या आत सुटा दगड, झाड वा राडारोडा राहू देऊ नये. आता बेंच सोडायचे म्हणजे तेवढा दगड आपल्या भाडेपट्ट्याच्या जागेत तसाच ठेवायचा, आणि सुटे दगड पाडून भिंत साफ करायची म्हणजे त्या वेळात खडी निघत नाही. मजुरी मात्र ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशोबाने ठरलेली. सफाईच्या तासांचे दाम त्यात धरलेले नसतात. डोक्यावर उचलीचे ओझे असलेला मजूर सफाईसाठी हात थांबवील कसा? भिंत किती उंच कापायची, मजुरी कशावर मोजायची, सुरुंग केव्हा उडवायचा, यांतील एकही निर्णय ज्याच्या हाती नाही, त्याच्या माथी त्या सर्वांचा परिणाम मारणे हा निव्वळ अन्याय आहे. 14 नोव्हेंबर 2022 रोजी मिझोरामच्या ह्नाथियाल जिल्ह्यात दगडखाण कोसळून 12 कामगार गाडले गेले. ते बाराही जण एकाच क्षणी गाफील होते असे म्हणण्यास कोणी धजावेल काय?

आणि क्षणभर धरून चालू, की खरोखरच त्याची चूक होती. तरीही भरपाईचा हक्क त्यामुळे जात नाही, ही गोष्ट 1923च्या भरपाई कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकली, आणि 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात झाला, एवढे पुरे. मालकाचा कसूर सिद्ध करावा लागत नाही. नशा, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, संरक्षक साधन मुद्दाम काढणे, हे बचाव कायद्यात आहेत हे खरे. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर त्यांतील एकही मालकास उपयोगी पडत नाही. म्हणजे 'तो प्यालेला होता' हे सिद्ध झाले तरी मयताच्या वारसांची भरपाई थांबत नाही. ती किती, हेही कोष्टकात दिलेले आहे : तीस वर्षांच्या मनुष्याचा मासिक पगार 15,000 धरला, तर त्याच्या निम्म्यास 207.98ने गुणावयाचे, म्हणजे 15,59,850 रुपये.

'तो ठेकेदाराचा माणूस, आमच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही' ही सबबही टिकत नाही. ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकाने द्यावयाची, आणि मागाहून हवी तर ठेकेदाराकडून वसूल करावयाची.

इतर समजांचा परामर्श थोडक्यात घेतो. 'खाण लहान आहे, तिला खाण कायदा लागत नाही' असे सांगितले जाते. कायद्यातील ती सवलत खोली 6 मीटरच्या आत, माणसे 50पेक्षा अधिक नाहीत आणि स्फोटकांचा वापर मुळीच नाही, अशा तिन्ही अटी पाळणाऱ्या उघड्या खाणीपुरती आहे, तेव्हा जेथे सुरुंग उडतो तेथे ती संपली. न फुटलेला सुरुंग 'मेला' असे समजून त्याच्याच भोकात पुन्हा ड्रिल घालणे म्हणजे जिवंत स्फोटकावर घाव घालणे होय. हेल्मेट अवश्य घालावे, आणि ते मालकाने फुकट द्यावे. पण ते उडालेल्या कपच्या अडवते, दरड अडवत नाही. गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघून जाते हे तर साफ खोटे : गूळ अन्ननलिकेने पोटात जातो, धूळ श्वासनलिकेने फुप्फुसात, आणि सिलिकोसिस एकदा जडला की त्यावर उतारा नाही, तो जडू नये म्हणून ड्रिल करताना पाणी मारणे हा उपाय.

म्हणून ज्यांच्या घरचा मनुष्य खाणीत गेला, त्यांना कळकळीने सांगणे आहे, की दिवसकार्याच्या आधी घरी येऊन कोणी कागद पुढे केला तर त्यावर सही वा अंगठा देऊ नये. दिला गेला असल्यास घाबरू नये, कारण हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई मालकाने भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. कायद्याने मुभा दिलेली थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर परस्पर हातावर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. मजुरीची चिठ्ठी, उचलीची वही, सोबत काम करणाऱ्यांची नावे जपून ठेवावी, आणि दोन वर्षे उलटण्याच्या आत अर्ज द्यावा.