वैऱ्याच्या घरातील प्रीती आणि काशीची ‘चंद्रकांता’

वाराणसी : एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन तरुण प्रतिस्पर्धी अखेर परस्परांच्या प्रेमात पडतात, हा कथाबंध आजच्या तरुण वाचकांच्या प्रेमकादंबऱ्यांत कमालीचा लोकप्रिय आहे. समाजमाध्यमांवर अनेक वाचक लेखकाच्या नावाऐवजी या कथाबंधाच्या नावानेच पुस्तके शोधतात. त्याची नाळ जेन ऑस्टिन यांच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’शी जोडली जाते. पण भारतीय वाचकाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. हिंदीत वाचकांची पहिली मोठी लाट आणणारी प्रेमकादंबरी वैराच्या सावलीतच उमलली होती आणि तिचा लेखक काशीनिवासी होता.

देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांचा जन्म बिहारमधला, वास्तव्य काशीतले. काशीनरेशांकडून त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला होता. त्या निमित्ताने विंध्याच्या डोंगररांगांतील दऱ्या, गुहा आणि पडके किल्ले त्यांनी पायाखाली घातले. ठेका संपल्यावर तेच भग्नावशेष त्यांच्या लेखणीत उतरले आणि १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ वाचकांसमोर आली.

नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची ही कथा. विजयगढच्या मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंह याला चंद्रकांता हवी असते. त्याच्या कारस्थानांमुळे दोन घराण्यांत वितुष्ट येते. डाव फसल्यावर तो चुनारच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो आणि प्रेमकथेचे रूपांतर युद्धकथेत होते. तिलिस्म, म्हणजे यंत्रांनी आणि कोड्यांनी रचलेला मायावी भूलभुलैया, फोडल्याशिवाय नायकाला नायिका मिळत नाही.

काटेकोरपणे पाहिले तर वीरेंद्र आणि चंद्रकांता हे प्रतिस्पर्धी नव्हेत. वैर घराण्यांचे, प्रेमिक एकमेकांचे पहिल्या पानापासून. आजच्या कथाबंधाच्या अधिक जवळ जाते ती तेजसिंह आणि चपला ही जोडी. हे दोघेही ऐयार, म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि बेशुद्धीची औषधे यांत पारंगत. तेजसिंह नौगढचा, चपला विजयगढची. दोघांचा व्यवसाय एक, कौशल्य तोडीस तोड, स्वामी मात्र वेगळे. राजकन्या बंदिवासात वाट पाहत असताना चपला बटवा घेऊन रानावनात फिरते, हे एकोणिसाव्या शतकातील कादंबरीच्या मानाने लक्षणीय आहे.

या रंजनाचे मोल समजण्यासाठी त्या काळातील लिपीचे राजकारण ध्यानात घ्यावे लागते. त्या वेळच्या वायव्य प्रांतात न्यायालयांचा कारभार उर्दूत, फारसी लिपीत चाले. नागरीला तेथे अनुमती मिळाली ती १९०० मध्ये, आणि नागरीच्या प्रसारासाठी झटणारी काशीची नागरी प्रचारिणी सभाही १८९३ ची. म्हणजे नोकरीच्या दृष्टीने नागरी शिकण्यात फारसा लाभ नसताना अनेक उर्दूजाणत्या तरुणांनी ती शिकली, ती चंद्रकांतेचे पुढे काय झाले हे जाणून घेण्यासाठी. खत्रींची बोलीच्या जवळची, संस्कृतच्या ओझ्याखाली न वाकणारी भाषा या कामी आली. शिवाय तिलिस्म आणि ऐयार या वाचकांना अनोळखी नव्हते. लखनऊच्या नवल किशोर प्रेसमधून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ नुकतेच उर्दूत प्रसिद्ध होऊ लागले होते.

समीक्षेने मात्र हात आखडता घेतला. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या इतिहासग्रंथात या घटनाप्रधान कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत स्थान नाकारले. त्याच ठिकाणी, हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी नाही, हेही मान्य केले. दोन्ही विधाने एकाच लेखणीतून आली, हे विशेष. तरुणांच्या प्रेमकादंबऱ्यांवर आज होणारी टीका याहून फार वेगळी नाही. फक्त वाचक घडवल्याचे श्रेय देण्याचे औदार्य तीत क्वचितच आढळते.

मराठी वाचकाला हा वाद परिचित वाटेल. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कथांवर मराठीची एक पिढी पोसली. ‘चंद्रकांता’ हिंदीत धुमाकूळ घालत होती, त्या सुमारास हरिभाऊ आपटे मराठी कादंबरीला वास्तवाकडे वळवत होते.

पुढे खत्रींनी ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग लिहिले आणि १८९८ मध्ये काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. ‘भूतनाथ’ अपूर्ण राहिली. ती पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. १९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांच्या मालिकेने ही कथा दूरदर्शनवर आणली. मूळ कथानकापासून तिने बरीच फारकत घेतली आणि नौगढ-विजयगढच्या वैराला कादंबरीपेक्षा कितीतरी अधिक जागा दिली. कथेतील स्थळे मात्र आजही नकाशावर आहेत : नौगढ चंदौली जिल्ह्यात, विजयगढचा किल्ला सोनभद्रमध्ये, तर चुनारचा गंगेकाठी मिर्झापूर जिल्ह्यात.