स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा : औषधाइतकेच वागणुकीला महत्त्व

देशातील ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख नागरिकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अध्ययनात वर्तवण्यात आला. हा विकार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे रुग्णाचे दिवस कसे जातात, हे बहुतांशी शुश्रूषा करणाऱ्यांच्या वागणुकीवर अवलंबून असते.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये हाच विचार ग्रंथरूपाने मांडला. रुग्णाला घाई करणे, लहान मुलासारखे वागवणे, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे यांमुळे त्याचा आत्मसन्मान खचतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कर्मचाऱ्यांना रुग्णाची अवस्था समजावी, यासाठी काही प्रशिक्षणांत त्यांना धूसर दिसणारा चष्मा, जाड हातमोजे आणि गोंगाट ऐकवणारे हेडफोन दिले जातात आणि सदऱ्याची बटणे लावण्यासारखी कामे सांगितली जातात. रुग्ण हट्टी नसून भेदरलेला असू शकतो, हे त्यातून उमगते. पुढचा टप्पा सरावाचा असतो : समोरून येणे, नजरेला नजर देणे, एका वेळी एकच लहान वाक्य बोलणे, उत्तराची वाट पाहणे आणि आंघोळ घालण्यापूर्वी तसे सांगणे. अस्वस्थतेमागे एखादे दुखणे तर नाही ना, हेही पाहायला शिकवले जाते.

रायपूरसारख्या शहरात या प्रश्नाला भाषेची बाजूही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून येथे मराठी कुटुंबे आहेत. येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ सालची आहे. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते आणि रुग्ण मातृभाषेत बोलू लागतो. अशा वेळी आजींनी उच्चारलेले ‘तहान’ किंवा ‘लघवी’ हे शब्द हिंदी अथवा छत्तीसगढी बोलणाऱ्या सेविकेला समजले नाहीत, तर साधी गरजही ‘चिडचिड’ ठरते. कुटुंबीयांनी रोजच्या वापरातील दहा-बारा शब्द अर्थासह खाटेजवळ लिहून ठेवल्यास ही अडचण बरीच कमी होऊ शकते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार स्मृतीचे गंभीर विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. या कायद्याने रुग्णाला सन्मानाने जगण्याचा हक्क दिला असून त्याला बांधून ठेवण्यावर कडक निर्बंध घातले आहेत. हा हक्क प्रत्यक्षात उतरतो तो मात्र रोज त्याला भरवणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या हातांतूनच.